पाठ

कविता तिला पाठ करायची होती,
पाठ माझी दुखत होती.
म्हणून मी फरशीवर पालथा
आणि तेजल डोक्याशी मांडी घालून,
हातात गाळ्यावरच्या जुन्या पावत्यांची चळत.
पावत्यांच्या कोऱ्या बाजूला
जर्मन भाषा, आपल्या देवनागरीत.

"बाबा, कागद तुम्ही धरा. चुकले की थांबवा."
मला काय कळणार चुकलेलं?
पण वीस वर्षं गोण्या मोजल्यात,
एक कमी पडली तर हाताला कळतं.
शब्दांचंही तसंच निघालं.

रेबेलो मॅडमनी शिकवलेलं ती मला शिकवायची.
ओठ शिट्टीसारखे करायचे आणि आतून ई म्हणायचं.
हे मला तिच्याआधी जमलं,
ट्रक मागं घेताना दिवसभर शिट्टीच मारतो मी.
एक आवाज श आणि ह यांच्या मधला,
मांजर फिस्कारतं तसा.
आणि एक पार घशातला,
कुसळ अडकलंय
पण पाहुण्यांसमोर खाकरता येत नाही, असा.

आठ कडवी.
एक बाई खिडकीशी कांदा चिरते.
कुणी विचारतं, रडतेस का,
ती सुरी पुढं करून दाखवते.
"एवढंच?"
"एवढंच."
"मग आठ कडवी कशाला लागली तिला?"
तेजल हसली नाही. म्हणाली, आईला विचारा.

कांद्याला त्स्वीबेल म्हणतात.
आणि तिकडं कांदा म्हणजे बाई, ती कांदा.
बटाटा? तीपण.
दुसऱ्या दिवशी मी गाळ्यावर सांगून बसलो.
तेव्हापासून ओंबळे गोण पाठीवर घेताना ओरडतो,
या बाई, या, जपून बसा!
पन्नास किलोची बाई.

शनिवारी नेरूळ. थंडगार हॉल.
परदेशी भाषा काव्यपठण, आंतरशालेय, नववी-दहावी गट.
एका पोरानं जपानी म्हटली, तीनच ओळी,
मी चष्मा लावेपर्यंत खाली उतरला.
वाशीच्या एका मुलीनं फ्रेंचमध्ये असा उसासा टाकला
की दोन परीक्षक पुढं वाकले.
मी शेवटून दुसऱ्या रांगेत, कडक इस्त्रीचा शर्ट,
बाहीला तरी मार्केटचा वास.

पाच कडवी सुरळीत.
त्स्वीबेल आला, गेला, मी मान डोलावली.
सहाव्याच्या तोंडाशी ती थांबली.
मागची ओळ परत म्हणाली. पुन्हा थांबली.
रेबेलो मॅडम पदराचं टोक पिळत होत्या.
पावत्या घरी, फ्रिजवर.
माझ्याजवळ ऐनवेळी आठवणारा एकच शब्द,
तो तर होऊन गेलेला.

तिनं माझ्याकडं बघितलं.
मी खांदे जरा खाली सोडले.
गोण सरकली की आम्ही तेच करतो,
मध्येच सावरायला जायचं नाही,
उतरवायची, दम घ्यायचा, पुन्हा उचलायची.
हे मी तिला कधी सांगितलेलं नाही.
डबा घेऊन मार्केटात आली तेव्हा बघितलं असेल.
नसेलही.

तेजल पहिल्यापासून सुरू झाली.
चौथ्या कडव्याला घंटा वाजली. म्हणत राहिली.
सहावं आलं, आणि ते कसं आलं मला कळलंच नाही,
मी खाली बघत होतो.
दुसरी घंटा.
सातव्याला परीक्षक बाईंनी हात वर केला, मायेनंच.
ती नमस्कार करून उतरली.

सहभागाचं प्रमाणपत्र. धनावडेचं धानवडे झालेलं.

परतताना पाम बीच रोड, डाव्या हाताला खाडी.
ती बोलेना. मी कशाला बोलू?
सानपाड्याच्या सिग्नलला स्कूटर थांबली
आणि मागून, हेल्मेटमधून,
एकदम आठवं कडवं.
शेजारचा टेम्पोवाला काच खाली करून बघायला लागला.
ओळी थेट माझ्या पाठीवर पडत होत्या,
मणक्याच्या त्याच गाठीवर, रोजच्या.
हिरवा लागला. मागचे हॉर्न मारायला लागले.

"झालं?"
"अजून एक ओळ."

थांबलो.