साडेतीन मिलीमीटर

साचा बंद करायच्या आधी
मी त्यात वाळू ठेवते.
एवढंच माझं काम.
बोटाएवढी जाड, आतड्यासारखी वळलेली,
राळेनं घट्ट झालेली वाळू.
तिच्याभोवती मगदूम सातशे अंशांचं ॲल्युमिनियम ओततो,
थंड झालं की दस्तगीर मुल्लाणी हातोडीनं हाणतो
आणि माझी वाळू भुरुभुरु गळून जाते.
उरतं ते भोक.
ड्रॉइंगमध्ये त्याला नाव आहे, वॉटर जॅकेट.
म्हणजे इंजिनाच्या अंगात पाण्यानं फिरायची वाट.

शिरोलीत अकरा वर्षं
मी ही नसलेली वस्तू बनवते.
दोन एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या मधे तिचं नरडं
साडेतीन मिलीमीटर.
उचलताना श्वास घेतला तरी मोडतं.
लेक म्हणते, आई, तू काय करतीस ते दाखव की एकदा.
काय दाखवू?

साहेबांनी कँटीनमध्ये पोस्टर लावलं होतं.
लांब पल्ल्याची गाडी. तेवीस लिटरची टाकी,
साखळीच्या जागी शाफ्ट,
मागं दोन पेट्या, माहेरपणाला निघाल्यागत.
क्रँक अशी तिरकी बसवलेली
की ठोके सारख्या अंतरानं पडत नाहीत.
धग्-धग्, जरा थांबून, धग्-धग्.
मधल्या त्या थांब्यात म्हणे मागचं चाक माती धरतं,
चढावर बैल पाय रोवतो तसं.
हे सगळं साहेब बोटानं दाखवत होते.
मी बघत होते ते
पोस्टरमध्ये दिसत नव्हतं.

परवा पहिली पाळी सुटली.
सांगली फाट्यावर, चहाच्या गाड्यापाशी
तीच उभी. पोटापर्यंत चिखल.
नंबर नागालँडचा.
चालवणारी एक बाई, पिकल्या केसांची,
हेल्मेट मांडीवर घेऊन वडा खात होती.
इंजिन बंद, तरी आत पंखा घुमत होता,
आणि निवणारा धातू आवळत होता,
टिक्.
टिक्.
मी वाकले तशी ती म्हणाली, क्या हुआ?
म्हटलं, कुछ नहीं. हमारा है ये.

मीटरवर चौसष्ट हजार किलोमीटर.
मी लांबात लांब सौंदत्तीला गेलेय,
तेही ट्रकात उभ्यानं.
हेडच्या डाव्या कुशीत ओतीव अक्षरं असतात.
भाजणार नाही एवढ्या बेतानं पदर गुंडाळून पुसली.
पहिलं अक्षर आमचं नव्हतं.
गोकुळ शिरगावच्या फौंड्रीचं होतं.
अर्धी ऑर्डर तिकडं जाते, हे ठाऊक होतं मला.
ठाऊक असणं वेगळं.

म्हणजे कोल्हापूरच्या त्या अंगाला कुणीतरी आहे.
तिचाही अंगठा राळेनं काळवंडलेला,
तिचीही वाळू कधीच ढिगाऱ्यावर गेलेली,
आणि तिचं भोक मात्र
बर्फातनं, वाळवंटातनं, कुठकुठनं फिरून
माझ्यासमोर गरम होऊन उभं.
राग आला थोडा.
मग बरं वाटलं.
मग परत थोडा राग.

बाईनं कप ठेवला, हातमोजे चढवले.
मी तिला एवढंच सांगितलं,
कूलंट संपलं तर बोअरचं पानी मत डालना,
चुना धरतो, नरडं बुजतं.
बीच में एक पतली जगह है. दिखती नहीं.
तिनं मान हलवली. कळलं की नाही कोण जाणे.
गाडी कागलच्या अंगाला वळली,
धग्-धग्, जरा थांबून, धग्-धग्,
पुलावरच्या ट्रकांनी आवाज गिळेपर्यंत.

आज चौतीस कोअर काढले.
एक मोडली, नेमकी नरड्यात.
सुपरवायझर आला, तुकडे बघितले,
म्हणाला, अकरा वर्षं झाली की तुम्हाला, मोडली कशी?

म्हटलं, श्वास घेतला.