कोकराची साक्ष

पाच पूर्णांक आठ.
तीनदा चालवलं यंत्र, तीनदा तेच.
बोनारियानं कागदाची घडी केली,
झग्याच्या खिशात ठेवली आणि म्हणाली,
"डॉक्टरांच्या तोंडात साखर पडो,
ते म्हणतात, सगळं झकास.
मग माझा माणूस रात्री चारदा उठून
सुरई का रिकामी करतो?"

ओरिस्तानोच्या इस्पितळात माझी प्रयोगशाळा तळघरात.
खिडकीतून फक्त पायच दिसतात माणसांचे,
आणि मिस्त्राल वाऱ्यानं लोटलेला पाला.
तीस वर्षं मी जोडे बघते आहे.
बाकीझियोचे बूट आले तेव्हा
डाव्या तळव्यातून काटा आत गेलेला होता,
आणि तो सरळ चालत होता.

रक्ताला आम्ही मागचं विचारतो.
लाल पेशी जगते एकशेवीस दिवस,
तेवढ्या दिवसांची साखर तिच्या अंगाला चिकटते,
जाता जात नाही.
तपासणीच्या आदल्या दिवशी धरलेल्या उपासाला
ती भुलत नाही,
लपवलेल्या बदामाच्या वड्याही सांगून टाकते.
म्हणून माझा तिच्यावर विश्वास.

काच भिंगाखाली धरली.
पेशी सगळ्या कोवळ्या, फुगलेल्या, निळसर झाकेच्या.
पिकलेली एक दिसेना.
"फावाच्या शेंगा खाता?"
तो दचकला.
"आमच्या घरात नाव काढत नाहीत त्यांचं.
आजोबा एका एप्रिलमध्ये वाडगाभर खाऊन झोपले,
सकाळी काळ्या चहासारखं मुतले,
तिसऱ्या दिवशी गेले."
हिवतापाच्या दिवसांपासून चालत आलेलं
हे या बेटाचं जुनं देणं.
"आणि गोळ्या?"
"एकच. लघवीच्या जळजळीची.
शेजारणीकडे उरलेली डबी होती.
महिना झाला."

ती गोळी आधी बंद, म्हटलं.
आणि पेशींचा नाद सोडला.
वर उरलेल्या पिवळ्या पाण्यातल्या
प्रथिनांना विचारलं.
त्यांची आठवण दोन-तीन आठवड्यांची, फार नाही,
पण पेशी कधी मेली
याच्याशी तिचा काही संबंध नाही.

फ्रुक्टोसामाइन, चारशे बारा.
दोनशे पंच्याऐंशीच्या पुढं गेलं
की आम्ही भुवई उचलतो.

"म्हणजे रक्त खोटं बोललं?"
खोटं नाही हो, म्हणजे असं बघा,
आयुर्मान, सरासरी, विघटन...
मी बोलत राहिले, तो टोपी फिरवत राहिला.
मग त्यानंच मला थांबवलं.
"मेंढीचं वय मी दातांवरून ओळखतो, बाई.
कोकराला धरून विचारलं,
गेल्या साली झरा कधी आटला,
तर ते काय सांगणार?
म्हणेल, आटला? भरलेलाच आहे की."

इतकी व्याख्यानं ऐकली मी काल्यारीला जाऊन,
हे कुणी सांगितलं नव्हतं.

बोनारिया हसली नाही.
खिशातला कागद काढला, उलगडला,
पुन्हा त्याच घड्यांवर मोडला.
"किती छान आकडा होता," म्हणाली.

वर्गीकरणाच्या फॉर्मवर मी लिहिलं:
या रुग्णाचं एचबीएवनसी ग्राह्य धरू नये.
खाली सही. तारीख.
मग स्टूल ओढलं, त्याचा पाय मांडीवर घेतला,
बूट काढला.
मोजा तळव्याला चिकटलेला.
चिमट्यानं काटा धरला, सावकाश ओढला.
बोटाच्या पेरापेक्षा लांब,
टोकाला रक्ताचा एक थेंब, ताजा, लालभडक,
जणू कालच जन्मलेला.

तो वर खिडकीकडे बघत होता.
कुणाच्या तरी निळ्या चपला चालल्या होत्या.

"दुखलं?"

"काढलात का?"