खसखस नको

प्रणोती, येताना अनारसे आणणार असशील
तर वहिनीला सांग, खसखस नको.
तीळ लाव म्हणावं, नाहीतर नुसते तळ.
इथल्या विमानतळावर खसखस म्हणजे अफू.
मागच्या दिवाळीत एकाचा डबा उघडला,
तो चार तास एका खोलीत बसून
अनारसा म्हणजे काय ते सांगत होता.
जाळी पडते म्हणाला. कसली जाळी, ते विचारत राहिले.

पासपोर्ट मागितला तर झेरॉक्स दे.
मालकीण चांगली आहे. तरीही झेरॉक्स.
कागदावर सही करायच्या आधी
अरबी बाजू कुणाकडून तरी वाचून घे,
भांडण झालं तर तीच खरी धरतात.

पहिला पगार सगळा पाठवू नकोस.
आकडा सांगताना थोडा कमी सांग.
ही ओळ दादाला वाचून दाखवू नकोस.

जूनपासून नळ उलटे होतात.
टाकी गच्चीवर, दिवसभर तापते,
गार नळाखाली हात धरलास तर पोळेल.
तेव्हा गीझरचं बटण बंद ठेवायचं,
त्यातलं पाणी एसीच्या गारव्यात निवतं,
मग गरम नळाने गार आंघोळ.
पहिल्या उन्हाळ्यात मला हे ठाऊक नव्हतं.
पहाटे तीनला उठून न्हायचे,
रास अल खैमा झोपलेलं असताना.
ते बघून मला नोईने सांगितलं, खुणेनेच.

नोई थायलंडची. सलूनमध्ये नखं करायची.
खोलीत तिचा पलंग खिडकीकडचा.
तिच्याकडे माशाच्या पाण्याची एक बाटली होती,
झाकण उघडलं की थेट हर्णै बंदर.
मालकीण नाक धरायची, मी भात वाढून घ्यायचे.

एकदा तिला बरं नव्हतं.
मी मायेने डोक्यावरून हात फिरवला,
दोन्ही कानशिलांवर बोटं मोडली,
आपण मोडतो तशी, कडाकडा.
ती विंचू पडल्यासारखी मागे सरली.
त्यांच्यात डोक्याला हात लावत नाहीत.
आणि भिंतीवर तिची बुद्धाची तसबीर होती,
महिनाभर मी तिकडे पाय करून झोपत होते,
ती रोज माझी उशी मुकाट्याने फिरवून ठेवायची.
मला वाटायचं झाडणारी बाई विसरते.

मग मी तिला मुद्दाम पाय लावला
आणि लगेच हात लावून कपाळाला नेला.
बघ, आमच्यातही आहे.
खूप वेळ हसली.

त्यानंतर ती मला शिकवत बसायची,
जशी मी उद्याच निघाले आहे तिच्या गावी.
देवळात खांदे झाकून जा.
नाणं घरंगळलं तर पायाने अडवू नकोस, त्यावर राजा असतो.
रिक्षा ठरवताना आधी हस, मग भाव कर.
आवाज चढवलास की काम संपलं.
मी मान डोलवायचे. मी कुठली जाते,
सुट्टी मिळाली की हर्णै, तीही दोन वर्षांनी.

तुझ्याकडे आले तर मी काय करायचं नाही?
तिने विचारलं आणि मला काही आठवेना.
रात्री दिवा घालवल्यावर सुचलं.
जेवून जा म्हटलं तर पहिल्यांदा नको म्हण,
दुसऱ्यांदाही म्हण,
तिसऱ्यांदा म्हणू नकोस.
अंधारातून ती म्हणाली, हे आमच्याकडे पण.

गेल्या मार्चमध्ये ती गेली. करार संपला.
तिचा पलंग तुझ्यासाठी धरून ठेवलाय.
तसबीर ती घेऊन गेली,
भिंतीवर चिकटपट्टीच्या चार खुणा आहेत.
उशी त्या बाजूला ठेव.
का, ते तुला आता माहीत आहे.

रमजानात पाण्याची बाटली पिशवीत ठेव, हातात नको.
बायकांचे फोटो काढू नकोस, बंदराचेही.
आणि कोकम आण. आमसुलं, किलोभर तरी.
त्याला कुणी काही म्हणत नाही,
फक्त पिशवी दुहेरी कर, डाग पडतात.