पांढरा वर

आबा सांगायचे: वळिवड्याच्या कॅम्पातली हालिना
पांढरं कापड घेऊन आली, लाल मिळेना.
रेशनचे दिवस. मग आईच्या लुगड्याचा
काठ उसवला,
आणि कंदिलाखाली मशीन चाललं रातभर.
"पांढरा वर, लाल खाली," ती बोटांनी दाखवायची.
अकरा नोव्हेंबरला लावायचा होता,
देश तेव्हा दुसऱ्यांच्या बुटाखाली.
शिवणाऱ्यालाही स्वतःचा झेंडा लावायला
अजून चार वर्षं होती.

पुढं पोलंडची माणसं गेली.
कौलं तीच, खोल्या त्याच,
आत सिंधी आले. त्यांचं तर
स्वातंत्र्य आलं आणि गाव गेलं, एकदमच.

परवा गांधीनगरात हालिनाची लेक आली,
सत्तरीची, कागदावर खोलीचा नंबर.
लीलारामशेटनं स्टूल दिलं.
"बसा. माझी तरी कुठं होती?"
मग लाल ठाण उलगडून
मीटरभर फाडलं, पैसे घेतले नाहीत.
गिऱ्हाइकाला पाच रुपये न सोडणारा माणूस.

तिनं माझ्याकडं बघून बोटं वर केली.
म्हटलं, ठाऊक आहे.

आबांचं मशीन अजून चालतं.
टाका जरा डावीकडं सरकतो, एवढंच.