पाव गुण

एसीटीला मी बस भरून नेतो.
एकोणीस पोरं, अकरा मैल, पुढच्या गावची शाळा,
बास्केटबॉलच्या जाळीखाली मांडलेली बाकं.
दुपारी परत येताना सगळी एकदम बोलतात,
कुणीतरी मागच्या सीटवर बूट काढतं, वास सुटतो.

एसएटीला एकटी जोलीन एंगेसेट.
तिला हवं ते कॉलेज पार मेनमध्ये, समुद्राकाठी,
आणि त्यांच्या माहितीपत्रकात एसएटीचंच नाव.
म्हणून शाळेची जुनी व्हॅन, पहाटे साडेचार,
बिस्मार्क एकशे आठ मैल.
डिझेल मुख्याध्यापकांनी कुठल्या खात्यात टाकलं
मी विचारलं नाही.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना न कापलेली सूर्यफुलं,
नोव्हेंबरात वाळून काळी पडलेली,
माना खाली घालून ओळीत उभी.
कुणी त्यांना "वेळ संपली" म्हणालंच नव्हतं जणू.

ती टॉर्चच्या उजेडात पुस्तक वाचत होती.
"मिस्टर क्वाम, वल्हं होडीला, तसं काय कशाला?"
"बसला मी," मी म्हटलं.
"हा पर्याय यात नाही."

मग झोप येऊ नये म्हणून मीच विचारलं,
दोन्हींत फरक काय असतो गं?

म्हणाली, एसीटी म्हणजे नुसती पळापळ.
पस्तीस मिनिटांत चाळीस प्रश्न.
वर विज्ञान म्हणून एक भाग, त्यात सगळे आलेख,
वाटतं हवामान खात्यात चिकटलोय.
एसएटी सावकाश बोलते, पण सरळ बोलत नाही,
आमच्या इंग्रिड मावशीसारखी.
तिकडे सगळं मिळून छत्तीस, इकडे सोळाशे.
"आणि तिकडे चुकलं तर नुसतं चुकलं.
इकडे चुकलं की पाव गुण कापतात.
कोरं सोडलं तर काही कापत नाहीत."

पुढचे वीस मैल मी गप्प होतो.

एकसष्ट साली मोंटानाच्या रेल्वेचा अर्ज आला होता.
खणात आहे अजून, सहीची जागा तेवढी मोकळी.
व्हर्ना शेल्डाल त्या हिवाळ्यात
दर शनिवारी नाचाला यायची
आणि दारापाशीच्या खुर्चीवर कोट मांडीवर घेऊन बसायची.
लोक म्हणतात, क्वाम आयुष्यात कधी चुकला नाही.
खरं आहे.
कोरा कागद तपासायला घेतं कोण?

चार तास मी पार्किंगमध्ये थर्मास घेऊन बसलो.
शेजारच्या गाडीतल्या बाया क्लासच्या फीबद्दल बोलत होत्या,
ऐकलेला आकडा मी मनात टायरांत मोजला:
चारही नवे आले असते, स्टेपनीसकट.

जोलीन आली, टोपी कानावर ओढली, म्हणाली, "सात सोडले."
वॉशबर्न गेलं. मग म्हणाली,
"सातही ठिकाणी दोन पर्यायांवर येऊन अडले होते.
पुस्तकात लिहिलंय, एक जरी पर्याय खोडता आला
तर ठोकून द्यावं, फायदाच होतो.
माहीत होतं मला.
हातच गेला नाही."

मला पुष्कळ काही सांगायचं होतं.
मी म्हटलं, "पाय हीटरपाशी घे."

सोमवारी सीटखाली पेन्सिल सापडली, दोन नंबरची,
मागचं रबर चावून सपाट केलेलं.
तिनंच मी गाडीची वही भरली.
तारीख. मैल: दोनशे सोळा.
"कारण" हा रकाना मी एकवीस वर्षं रिकामा ठेवतो,
कार्यालयातली ॲग्नेस त्यावरून कधी काही बोललेली नाही.
या वेळी लिहिलं:
पोरीला समुद्र बघायचाय.

चूक असेल.
कापा.