पान एकतीस

रौप्य मिळालं आमच्या अंकाला.
माजी विद्यार्थी नियतकालिकं, गट ब, द्वैभाषिक.
प्रवेशपुस्तिकेला काहीच नाही.
तिच्या मुखपृष्ठावर घुमट होता,
घुमटामागे संगणकावर दोनदा धुतलेलं आभाळ
आणि पायरीवर हसणारी चार मुलं,
त्यातली दोन माझी भाचरं, अजून दहावीत.

भोपाळहून ढाल आली, सागवानी.
तिच्यावर 'विद्यापिठ' असं कोरलेलं.
ठ च्या आधीचा पि ऱ्हस्व.
सव्वीस वर्षं मुद्रितं तपासणाऱ्या बाईला
हेच बक्षीस मिळायचं होतं.

परीक्षकांनी लिहिलं होतं,
"पान एकतीसवरची कोरी चौकट
हा अनुपस्थितीचा धीट उच्चार."
साहेबांनी ते मोठ्यांदा वाचलं,
मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं,
जणू इतकी वर्षं मी काही लपवत होते.

लपवलं होतंच.

रावपुऱ्यात, रमणिकभाईच्या छापखान्यात,
त्या रात्री शेवटचा फर्मा चढत होता.
न्यू जर्सीच्या कुणा वर्गमित्राने कळवलेलं :
कांता बोराडकर, रसायनशास्त्र, एकोणसत्तर,
दीर्घ आजाराने.
आम्ही काळी चौकट आखली, फोटो, पाच ओळी.
पावणेबाराला माझा फोन वाजला.

"कांता बोराडकर बोलतेय, प्रतापनगरहून.
त्याचा सांत्वनाचा फोन आला घरी,
मीच उचलला.
तुम्ही म्हणे मला घेताय अंकात?
जरा थांबा की. आत्ता कुठे जेवण झालंय."

"बेन, आता नवं काय टाकणार?" रमणिकभाईंनी विचारलं.
टाकायला काही नव्हतं.
मजकूर काढला, फोटो काढला,
घाईत चौकट काढायची राहिली.
एवढाच तो धीटपणा.

यंदा साहेब म्हणाले, सुवर्ण हवं.
ती कोरी जागा पुन्हा ठेवा,
पण थोडी मोठी.

मी प्रतापनगरला फोन लावला.
वाजला बराच वेळ.
तेवढ्या वेळात मी पाच ओळी मनात जुळवल्याही,
लाज वाटते सांगायला,
'मूळच्या' की 'मुळच्या' इथपर्यंत आले होते.

"अगं, मोतीबिंदू काढला, दिसत नव्हतं कुठे ठेवलाय ते."

मी म्हटलं, चार ओळी द्या तुमच्याबद्दल.
तिने पोस्टकार्ड पाठवलं. त्यावर :
पुराच्या वेळी विश्वामित्रीतली मगर
सोसायटीच्या जिन्याखाली येऊन बसली,
वॉचमन माळ्यावर चढला, मी दुसऱ्या मजल्यावरून तिला
अधूनमधून पाहत होते, तीही मला.
तिसऱ्या दिवशी वनखात्याने नेली.
बाकी विशेष काही नाही.

ऱ्हस्वदीर्घ सगळं बरोबर होतं.
जसंच्या तसं लावलं, पान एकतीस,
चौकटीच्या चारही कडांना टेकेल असं.

यंदा बक्षीस नाही.
साहेब बोलत नाहीत आठवडाभर.
ढाल मात्र टेबलावर आहे,
जाता-येता माझी नजर त्या पि वर पडते.