चपला राखणारी

बावीस नवरात्री मी चपला राखल्या.
गल्लीच्या तोंडाशी, विजेच्या खांबाला टेकून,
प्लॅस्टिकच्या खुर्चीवर.
कुणाच्या कोल्हापुरी, कुणाच्या आरसे लावलेल्या मोजड्या,
सोनींच्या नातवाचे दिवे लागणारे बूट.
"भाभी, जोजो हं!" म्हणत
सगळी गल्ली अनवाणी होऊन गोलात शिरायची
आणि मी जोडाला जोड लावत बसायचे.
कामाची होते.
कामाच्या माणसाला कुणी नाच म्हणत नाही.

कारण सांगते.
लग्नाच्या कॅसेटमध्ये मी अकरा सेकंद नाचले आहे.
शिरीषभावजींनी ते अकरा सेकंद
दांडिया बाजारच्या घरात, पंधरा पाहुण्यांपुढे,
तीनदा मागे नेऊन दाखवले.
"बघा, वहिनी चादर पिळतायत!"
हसले सगळे. मीही हसले, सगळ्यांत मोठ्यानं.
आणि मग नीट बघितलं. खरंच की,
एक हात उलटा, एक सुलटा,
पिळतेय, पिळतेय,
आणि थेंबसुद्धा पडत नाही.

कॅसेट केव्हाच बुरशीनं खाल्ली.
वाक्य मात्र कोरडं ठणठणीत राहिलं.

तसं तीन टाळी मला येते, बरं का.
ओट्यापाशी, दार लोटून,
कुकरची शिटी व्हायच्या आत एक फेरी.
फ्रिजच्या दारात कुणी हललं
की थांबायचे.
मीच असायचे ती.

यंदा सप्तमीला मधुकांताबेन आल्या,
नवा गुडघा, जुनी काठी,
माझ्या खुर्चीसमोर उभ्या.
"ऊठ ने बेन."
म्हटलं, थांबा, दुसरी खुर्ची आणते.
"दुसरी कशाला? चपलांना राखणदार कितीक लागतात?"

उठले.
एवढंच केलं मी, उठले,
आणि उभं राहायला तिथं
गोलाशिवाय जागाच नव्हती.

पहिली फेरी चुकले.
दुसरीत, कशी चुकतेय ते कळलं.
सगळ्यांची टाळी पडून गेली की माझी पडायची,
लग्न लागल्यावर पोचलेल्या पाहुण्यासारखी,
ओशाळून, अक्षता मुठीतच.
मागच्या पोरीचं कोपर पाठीत बसलं.
"सॉरी आंटी, चालो चालो!"
गोल थांबत नाही कुणासाठी.
पुढचीची पाठ दिसते, मागची आपली पाठ बघते,
चेहरा बघायला कुणी मोकळं नसतं.

तरी मी शिरीषभावजींना शोधलं.
होते ना,
पारावर बसून, पुडीतला फाफडा खात,
फोनवर कुणाला तरी
वाघोडियाच्या प्लॉटचा भाव सांगत होते.
माझ्याकडे बघितलं त्यांनी. हात केला.
आणि परत प्लॉटकडे वळले.

बावीस वर्षं.

मग हात वर गेले.
गेले तसे पिळायला लागले.
म्हटलं पिळा.
सतरंजी पिळा, पडदे पिळा,
त्या पंधरा पाहुण्यांच्या गाद्यांवरच्या
पंधराही चादरी पिळा.
आणि या वेळी निथळलं.
कोपरांवरून, कानामागून,
ब्लाउजची पाठ चिंब, कुंकू नाकापर्यंत,
मधला गरबा, त्याच्या भोकांभोकांतून दिवा,
फिरत होता की मी, कळेना.

कितव्यातरी फेरीला टाळी जुळली.
पुढच्या फेरीला परत चुकली.
मला हसू आलं, आणि या वेळी
मोठ्यानं हसायची गरज पडली नाही.

साडेबाराला माईक बंद झाला.
मधुकांताबेन खुर्चीत घोरत होत्या,
काठी मांडीवर, चपला रांगेत, सगळ्यांच्या सुखरूप.
माझीच डावी नव्हती.

घर चार पावलांवर.
तरी मी सूरसागराला वळसा घालून आले,
उजवी हातात, पाय उघडे.
डांबर अजून कोमट होतं.
पाण्यात समोरच्या दुकानाची पाटी
तीन टाळीच्या ठेक्यात हलत होती,
किंवा मला वाटलं तसं.

दार उघडत अवधूत म्हणाले, "हे काय? दुसरी कुठाय?"
मी उजवी त्यांच्या हातात दिली.
"ही राखा," म्हटलं,
"उद्यापण उशीर होईल."